काठीपासून सुपापर्यंत: बांबू आणि वेताच्या पुरवठा साखळीचा अभ्यास कसा करावा

ग्रामीण विकास या विषयात प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, बांबू आणि वेत यांची तोडणीपासून ग्राहकापर्यंतची पुरवठा साखळी अभ्यासायची असेल तर सुरुवात कोठून करावी, कोणत्या आकड्यांवर विसंबावे आणि या साखळीत कोणाच्या पदरात किती पडते हे कसे काढावे. तिने सोबत एक आराखडाही पाठवला आहे. त्यात शेतकरी, व्यापारी, कारागीर, दुकानदार आणि ग्राहक असे पाच चौकोन बाणांनी जोडलेले आहेत. प्रश्न चांगला आहे. आराखडा मात्र बाजूला ठेवावा, कारण तो टोमॅटोलाही लागू पडेल आणि कापसालाही, आणि बांबूविषयी त्यातून काहीच कळणार नाही.

बांबूची एकच एक साखळी नसते. गडचिरोलीच्या जंगलातून ग्रामसभेच्या परवान्यावर निघालेला मानवेल जातीचा बांबू कागद कारखान्याकडे जातो. सिंधुदुर्गातल्या शेताच्या बांधावरचा माणगा जातीचा बांबू घाट चढून टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या बागांत जातो. शहरातल्या बुरूड आळीत सूप विणणारे कुटुंब वखारीतून मोजक्या काठ्या उचलते, आणि गणेशोत्सवाचा मांडव घालणारा कंत्राटदार तोच बांबू वर्षानुवर्षे भाड्याने फिरवतो. या चौघांचा कायदा वेगळा, भांडवल वेगळे, हंगाम वेगळा आणि ग्राहकही वेगळा. म्हणून पहिले काम म्हणजे एक जात, एक तालुका आणि एक वस्तू ठरवणे. 'महाराष्ट्रातील बांबू उद्योग' हे शीर्षक असलेला प्रबंध वाचनालयाच्या कपाटात शोभतो. 'कुडाळ तालुक्यातला माणगा आणि सांगलीकडचा बागायतदार' असा विषय घेतला तर काहीतरी हाती लागेल.

विषय ठरला की ज्या एका गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, ती म्हणजे मोजण्याचे माप. बांबू एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा त्याची किंमत तर बदलतेच, पण तो मोजला कशात जातो हेही बदलते. शेतकरी बेट उक्ते विकतो किंवा काठीवर विकतो. वखारवाला लांबी आणि जाडी पाहून प्रती लावतो. वनविभागाच्या आणि ग्रामसभांच्या हिशोबात लांब बांबू नगावर आणि कारखान्यासाठी तुकडे केलेला बांबू बंडलावर मोजतात. कारखाना वजनकाट्यावर टनात घेतो. कारागीर कामट्यांच्या भाषेत बोलतो, आणि ग्राहकाला फक्त एक सूप किंवा एक टोपली दिसते. शिवाय सरकारी अहवालांत 'नोशनल टन' भेटतो, म्हणजे मध्य प्रदेशच्या वनखात्याच्या रूढीनुसार २४०० धावते मीटर बांबू म्हणजे एक टन असे धरून चालणारा हिशोबी टन, ज्याला काट्याशी काही देणेघेणे नाही. अहवालातला टन आणि कारखान्याच्या पावतीवरचा टन एकाच तक्त्यात शेजारी मांडले की पुढचे सगळे गणित बिघडते, आणि असे तक्ते छापलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

गणित कसे बिघडते ते एका उदाहरणाने दाखवतो. पुढचे आकडे कोणत्याही बाजारातले नाहीत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, शेतकऱ्याला काठीमागे ४० रुपये मिळाले, बुरडाने ती काठी ८० रुपयांना घेतली, तिच्यातून चार सुपे काढली, ती प्रत्येकी १०० रुपयांनी दुकानात दिली आणि दुकानदाराने प्रत्येक सूप १५० रुपयांना विकले. घाईत काम करणारा विद्यार्थी ४० ला १५० ने भागतो आणि 'ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा २७ टक्के' असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात ग्राहकांनी त्या एका काठीसाठी ६०० रुपये मोजलेले आहेत, म्हणून शेतकऱ्याचा वाटा जेमतेम पावणेसात टक्के आहे. उलट बुरडाच्या हाती ३२० रुपये उरले असे पाहून तोच विद्यार्थी 'कारागिराचा नफा सर्वाधिक' असा निष्कर्ष काढेल. ती चार सुपे करायला नवरा-बायकोचे मिळून तीन मनुष्यदिवस गेले असतील, तर एका दिवसाला १०७ रुपयांपेक्षा कमी पडले, आणि त्याला नफा म्हणण्यासारखे त्यात काही नाही. एका काठीतून किती सुपे निघतात हा एक आकडा नसेल, तर बाकीच्या शंभर प्रश्नांची प्रश्नावली भरून काही उपयोग होत नाही.

हा आकडा विचारून मिळत नाही, बसून मोजावा लागतो. कारागिराच्या घरी जाताना तराजू आणि टेप घेऊन जावे. नवी काठी फोडण्याआधी तिची लांबी, बुडाचा आणि शेंड्याचा घेर आणि वजन लिहून घ्यावे. मग काम नुसते पाहावे. कोयत्याचे पाते बुडख्याच्या तोंडाशी टेकवून वर ठोका पडतो, चीर पहिल्या गाठीपर्यंत सरळ धावते, गाठीपाशी थांबते, आणि तेथे हाताने थोडा पीळ देऊन ती पुढच्या पेरात न्यावी लागते. चीर वाकडी गेली तर ती फाक लांब कामटीला निरुपयोगी ठरते. फाकेची हिरवी साल चिवट असते, ती विणीला आणि काठाला जाते. आतला पांढरट गर ठिसूळ असतो, तो हलक्या कामाला लागतो किंवा चुलीत जातो. सूप घालण्यासाठी लांब पेराची, ओलसर आणि सरळ काठी लागते, शिडीसाठी जाड आणि जवळजवळ भरीव. एकच काठी एका कारागिराला चार सुपे देते आणि दुसऱ्याला तीनच, आणि हा फरक कसबाइतकाच काठीच्या निवडीचाही असतो. वखारीत निवडून घ्यायची मुभा आहे की मोळी जशी येईल तशी उचलावी लागते, हे जरूर विचारावे. निवडीचा हक्क असलेला कारागीर काठीमागे दहा रुपये जास्त देऊनही फायद्यात राहू शकतो.

याच बैठकीत श्रमाची नोंद करावी. साल काढणे, तासणे, रंगवणे, काठ बांधणे यांतले बरेचसे काम घरातल्या बाया करतात. मात्र 'काम कोण करते' असे विचारले तर पुरुषाचेच नाव सांगितले जाते. काम चालू असताना दर अर्ध्या तासाने कोणाच्या हातात काय आहे एवढेच टिपले, तरी दिवसअखेर प्रश्नावलीपेक्षा खरे चित्र हाती येते.

आता तोडणीकडे वळतो. बांबूचे बेट दरवर्षी पावसाळ्यात नवे कोंब वर टाकते. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. कोंब काही महिन्यांत पूर्ण उंचीला पोहोचतो, नंतर तो वाढत नाही, फक्त पक्का होत जातो. म्हणून तोडणीचा सर्वसाधारण नियम असा की, तीन वर्षे वा त्याहून जुन्या काठ्या घ्याव्यात, पहिल्या दोन वर्षांच्या काठ्या बेटाला आधार म्हणून राखाव्यात, जमिनीलगतच्या गाठीच्या वर कापावे आणि पावसाळ्यात बेटाला हात लावू नये. नियम सगळ्यांना पाठ असतो. तो पाळला जातो का, हे बेटापाशी उभे राहिल्यावर समजते. बेटाच्या कडेच्या कोवळ्या काठ्या कापणे सोपे असते आणि मधल्या जुन्या काठ्या ओढून काढायला दुप्पट कष्ट पडतात. मजुरी नगावर असेल तर मजूर कडेच्याच काठ्या काढणार, यात त्याचा दोष नाही. मजुरी कशावर ठरते हा प्रश्न म्हणून वनशास्त्राचाही आहे. कडेचे बुंधे पाहिले, कापलेल्या काठीच्या गाठींवर पांढरी पावडर आणि म्यानाचे, म्हणजे कोंबाभोवतीच्या आवरणाचे, अवशेष शिल्लक आहेत का पाहिले, की कोवळा माल किती गेला याचा अंदाज येतो.

कोवळ्या आणि अवेळी तोडलेल्या बांबूचा हिशोब साखळीच्या दुसऱ्या टोकाला चुकवावा लागतो. त्यात पिष्ट जास्त असते आणि पिष्टासाठी पोखरणारे भुंगेरे येतात. सहा महिन्यांत टोपलीखाली पिवळसर भुकटी पडू लागते. अमावास्येला तोडलेला बांबू किडत नाही, ही समजूत सह्याद्रीपासून आसामपर्यंत आढळते. तिच्यावर वाद घालण्याऐवजी तोडणीचा महिना आणि काठीचे वय लिहून घ्यावे, कारण पिष्टाचे प्रमाण मुख्यतः त्यांवर ठरते. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया केलेला माल टिकतो. परंतु त्या प्रक्रियेचा खर्च कोण करतो आणि तिची वाढीव किंमत कोणाला मिळते, हे पाहिले तर बहुतेक ठिकाणी प्रक्रिया का होत नाही याचेही उत्तर मिळते: खर्च कारागिराचा, आणि टिकाऊपणाचा लाभ मात्र ज्याला तो दुकानात डोळ्यांनी ओळखता येत नाही अशा ग्राहकाचा.

कायद्याचा भाग प्रबंधात बहुधा पहिल्या प्रकरणात येतो आणि नंतर विसरला जातो. खरे तर परवाना ज्याच्या हाती असतो त्याच्या हाती भाव असतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत केलेली होती, त्यामुळे शेतकऱ्याला आपल्याच बांधावरचा बांबू तोडायला आणि वाहून न्यायला परवानगीसाठी खेटे घालावे लागत. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातल्या बांबूची वाट निराळी. २००६ च्या वन हक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजचे जंगलातले उत्पन्न, मानले आणि त्याची मालकी हक्कधारक ग्रामसभांकडे दिली. कायद्याच्या पुस्तकातला हा हक्क जमिनीवर येण्याची गोष्ट गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात घडली. या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा यावर वनविभाग अडून राहिला, आणि अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१२ मध्ये वन हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि वाहतूक परवाना देण्याची व्यवस्था ग्रामसभेच्या समितीशी जोडली गेली.

अभ्यासकाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे की, त्यामुळे कागदपत्रांचा एक संपूर्ण संच गावातच तयार होऊ लागला. ग्रामसभेने काढलेली निविदा, ठेकेदाराशी केलेला करार, तोडणीचे रजिस्टर, मजुरीचे मस्टर, वाहतूक परवान्यांच्या स्थळप्रती आणि बँकेचे पासबुक हे सारे एकत्र लावले, तर तोडलेला नग, वाहून नेलेला नग आणि पैसे मिळालेला नग अशा तीन संख्या समोर येतात. त्या क्वचितच जुळतात. न जुळण्याची कारणे चोरी, तुटफूट, गावात घरगुती वापरासाठी राहिलेला माल, उधारी किंवा नुसता लिहिण्याचा आळस यांपैकी कोणतीही असू शकतात. त्या तफावतीची सरासरी काढून टाकू नये, तिच्याविषयी स्वतंत्रपणे विचारावे, कारण साखळीतला खरा व्यवहार बऱ्याचदा त्या तफावतीतच असतो. रजिस्टरे पाहण्याआधी ग्रामसभेत विषय मांडून परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या ओळखीने रजिस्टर मिळाले तरी ग्रामसभेला न विचारता ते उघडू नये.

मजुरी आणि स्वामित्वधन, म्हणजे मालाच्या मालकाला मिळणारा पैसा, यांची गल्लत करू नये. पूर्वी वनविभागाच्या किंवा कारखान्याच्या कूपात, म्हणजे तोडणीसाठी आखलेल्या वनखंडात, काम करणाऱ्या माणसाला फक्त तोडणीची मजुरी मिळे. हक्क मिळालेल्या ग्रामसभेत त्याला मजुरी मिळते आणि विक्रीचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात जातात. 'संकलकाचे उत्पन्न' असा एकच रकाना ठेवला तर हा सगळा बदल त्यात बुडून जातो.

व्यापारी हा या साखळीतला सर्वांत जास्त शिव्या खाणारा आणि सर्वांत कमी अभ्यासला गेलेला माणूस आहे. कोकणात तो बेट पाहून सौदा करतो, स्वतःची तोडणीची टोळी आणतो, काठ्या रस्त्यापर्यंत ओढून आणतो, प्रतवारी करतो आणि ट्रक भरेपर्यंत माल धरून ठेवतो. शेतकऱ्याला मिळणारा काठीचा भाव बेट रस्त्यापासून किती दूर आहे यावर फार अवलंबून असतो, म्हणून दोन शेजाऱ्यांना वेगवेगळा भाव मिळाला तर त्यात लगेच फसवणूक पाहू नये. आधी पायी चालत जाऊन अंतर मोजावे. मात्र एक प्रश्न व्यापाऱ्यालाही विचारावा आणि शेतकऱ्यालाही: उचल किती आणि कधी दिली. गणपतीच्या किंवा शाळा सुरू होण्याच्या सुमारास घेतलेली उचल डिसेंबरातल्या भावात वसूल होते. बाजारभाव आणि मिळालेला भाव यांतल्या फरकाचा काही भाग म्हणजे न लिहिलेले व्याज असते. हीच गोष्ट कारागीर आणि वखारवाला यांच्यात उलट दिशेने घडते, तेथे काठ्या उधार मिळतात आणि सुपे त्याच वखारवाल्याकडे किंवा त्याच्या ओळखीच्या दुकानात द्यावी लागतात. नफ्याचे टक्के काढण्यापूर्वी उधारीचा नकाशा काढावा असे मी आग्रहाने सांगेन. माल खालून वर जातो, पैसा मात्र बहुतेक वेळा वरून खाली आधीच येऊन बसलेला असतो.

ओलाव्याविषयी थोडे. ताजा बांबू पाण्याने भरलेला असतो. कोरड्या वजनाच्या ८० टक्के ओलावा असलेला १० टन बांबू वाळून १५ टक्के ओलाव्यावर आला, तर तो सुमारे ६.४ टन भरतो. एक काठीही न हरवता साडेतीन टन कमी झालेले असतात. म्हणून वजनावर विकणाऱ्याला लवकर विकण्याची घाई असते आणि वजनावर घेणाऱ्याला थांबण्याची. कारखान्याच्या दारात ट्रक किती दिवस उभा राहतो, हा मग केवळ गैरसोयीचा मुद्दा राहत नाही. आसामात नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करण्याचा जो प्रकल्प उभा राहिला आहे, त्याला वर्षाला सुमारे ५ लाख टन हिरवा बांबू लागेल असे नियोजन आहे. अशा मोठ्या खरेदीदाराजवळच्या साखळ्यांत ओलाव्याची कपात कोणत्या तक्त्याने होते, हे विचारल्याशिवाय शेतकऱ्याच्या भावावर मत देऊ नये.

ग्राहकाच्या टोकाला विद्यार्थी सहसा प्रदर्शनांत आणि हस्तकलेच्या दुकानांत जातात, कारण तेथे बोलायला माणसे असतात आणि चहा मिळतो. तेथला माल एकूण मालाचा लहानसा हिस्सा असतो. महाराष्ट्रात बांबूचा मोठा ग्राहक शेतकरीच आहे: टोमॅटोच्या वेलांना तार आणि सुतळीसह उभा केलेला बांबू, जळगावकडे केळीच्या घडाला दिलेला टेकू. हा बांबू कोठेही 'उत्पादन' म्हणून नोंदला जात नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या परिसरातल्या बागायतदाराला विचारावे की, एक काठी किती हंगाम चालते, मोडल्यावर काय होते आणि भाव वाढला तेव्हा त्याने काय केले. प्लास्टिकच्या दोरीकडे किंवा लोखंडी अँगलकडे वळण्याची त्याची तयारी किती, यावर कोकणातल्या काठीच्या भावाची वरची मर्यादा ठरते.

मांडवाचा बांबू तर विकलाच जात नाही, भाड्याने जातो. पुण्या-मुंबईतल्या मांडव कंत्राटदाराकडे नवी काठी आधी कमानीच्या दर्शनी भागात लागते, मग आतल्या आधाराला, पुढे इमारतीच्या परांचीला, आणि अखेर तुकडे होऊन सरपणाला. प्रत्येक टप्प्यावर तिने भाडे कमावलेले असते. येथे 'ग्राहक किंमत' असा रकाना लागू पडत नाही, आयुष्यभराचे भाडे मोजावे लागते. आणि मागणीचा तिसरा प्रकार सणसंस्कारांचा आहे: पाडव्याची गुढी, लग्नातली वेळूची झाल, हळदीची सुपे, तिरडीचे दोन बांबू. या वस्तूंचा भाव कोणी फारशी घासाघीस करून घेत नाही, तिरडीचा तर मुळीच नाही. बुरूड कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नात अशा दिवसांचा वाटा किती, हे महिन्यांवार लिहून काढले तर प्लास्टिकची सुपे बाजारात येऊन इतकी वर्षे झाल्यावरही हा धंदा तगून का आहे ते उमगते.

आयात-निर्यातीचे आकडे वापरताना जपावे. जकातीच्या सांकेतिक यादीत कच्चा बांबू १४०११० आणि कच्चा वेत १४०१२० या शीर्षांखाली येतो. विणलेल्या टोपल्या ४६०२ मध्ये, आणि बांबूच्या व वेताच्या खुर्च्या ९४०१ मध्ये. २०१७ च्या फेरबदलापूर्वी बांबूची आणि वेताची आसने एकाच शीर्षात मिसळलेली होती, म्हणून त्याआधीची आणि नंतरची वर्षे एका आलेखात सरळ जोडू नयेत. अगरबत्तीच्या काडीचे उदाहरण बोलके आहे. भारतात बांबू उदंड असताना काडी व्हिएतनाम आणि चीनमधून येत होती. याचे कारण बांबूच्या तुटवड्यात नव्हते. सारख्या जाडीची गोल काडी काढताना काठीचा फार मोठा भाग भुसा, गाठी आणि सालीच्या रूपाने वाया जातो. त्या उरलेल्या भागाचा कोळसा, इंधन किंवा पाट्या करून जो पैसे मिळवतो त्यालाच काडी स्वस्त देता येते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये अगरबत्तीची आयात 'निर्बंधित' गटात टाकली आणि जून २०२० मध्ये बांबूकाडीवरील आयातशुल्क १० वरून २५ टक्क्यांवर नेले. पण बांबूच्या कोळशाच्या निर्यातीवरचे बंधन उठायला मे २०२२ उजाडले. शुल्क वाढवून काडीचा भाव वर गेला, परंतु वाया जाणाऱ्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देण्याचे पाऊल दोन वर्षे मागे राहिले. काडीच्या साखळीवर प्रबंध करायचा असेल तर काडीपेक्षा भुशाचा माग काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लागवडीच्या आकड्यांना पुरवठा समजण्याची चूक अलीकडे वाढली आहे. राष्ट्रीय बांबू मिशनची २०१८-१९ मध्ये पुनर्रचना झाली, राज्यात अटल बांबू समृद्धी योजना आली, रोजगार हमीतूनही लागवड होते. लावलेले रोप चार-पाच वर्षांनी पहिली तोडणी देऊ लागते, तेही जगले आणि गुरांनी खाल्ले नाही तर. दुसरे असे की, बहुतेक जातींचा बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलल्यावर मरतो. एकाच वंशाची बेटे एकदम फुलतात. मिझोरामातला मौताम, म्हणजे तिथल्या बांबूचा असा एकत्रित फुलोरा, दर ४८ वर्षांनी येतो, तो १९५९ च्या सुमारास आला आणि पुन्हा २००६-०८ मध्ये आला. आपल्याकडे मानवेल आणि कटांग या जातींचेही फुलोरे येतात. रोप बियांचे आहे, कंदाचे आहे की ऊतिसंवर्धित आहे, आणि मातृबेट कोणत्या वयाचे होते, हे रोपवाटिकेत विचारणे म्हणून आवश्यक आहे. फुलोऱ्याच्या वर्षी बाजारात मरणाऱ्या बेटांचा माल एकाच वेळी ओतला जातो, आणि त्या वर्षीचा भाव घेऊन केलेला अभ्यास पुढच्या दहा वर्षांना लागू पडत नाही.

वेताविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो विषय बांबूच्या शेपटाला बांधू नये. बांबू हे गवत आहे, वेत हा ताडकुळातला काटेरी वेल. बांबू बहुधा पोकळ, वेत आतून भरीव. वेताला चढायला उभी झाडे लागतात, म्हणून जंगल तुटले की वेत संपतो, मग तो कोणी तोडलेला नसला तरीही. सह्याद्रीत, आसाम-अरुणाचलात आणि अंदमानात वेत आहे, पण जगातला बहुतांश कच्चा वेत इंडोनेशियाच्या बोर्निओ आणि सुलावेसी बेटांवरून येतो आणि फर्निचरचे काम प्रामुख्याने जावा बेटावरच्या चिरेबोन भागात चालते. इंडोनेशियाने १ जानेवारी २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली. हेतू असा की कारखान्यांना माल स्वस्त मिळावा. संकलकाच्या बाजूने पाहिले तर त्याचे परदेशी गिऱ्हाईक गेले आणि देशातले कारखाने सगळा माल उचलू शकत नव्हते. निर्यातबंदीचा परिणाम साखळीच्या दोन टोकांना अगदी उलटा होऊ शकतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडच्या शहरी दुकानात 'केन' म्हणून जे विकले जाते त्यात खरा वेत, बांबूच्या पट्ट्या आणि प्लास्टिकची पट्टी असे तिन्ही असते. खुर्चीच्या पायाचे कापलेले टोक पाहावे: बारीक छिद्रांची भरीव चकती दिसली तर वेत. वेताची सोललेली साल जाळीच्या विणीला जाते आणि आतला गाभा वेगळा विकला जातो, म्हणून येथेही एका वेलातून किती काय निघते हे मोजल्यावाचून वाटे काढू नयेत.

कामाचा क्रम सांगायचा तर मी ग्राहकाकडून मागे येतो. जंगलातून निघालेल्या शंभर काठ्या कोठे गेल्या हे शोधणे जवळपास अशक्य असते. दुकानातले एक सूप कोठून आले हे दोन-तीन दिवसांत शोधता येते. दुकानदाराला 'साधारणपणे माल कोठून घेता' असे विचारू नये, 'हे सूप कोणी दिले, कधी दिले, पैसे दिले की राहिले' असे विचारावे. कारागिराला 'महिन्याला किती काठ्या लागतात' ऐवजी 'शेवटच्या काठ्या कोणत्या दिवशी आणल्या, किती, कोणाकडून' असे विचारावे. सरासरी विचारली की माणूस सौजन्याने एक गोल आकडा देतो. शेवटचा व्यवहार मात्र त्याला पैशांसकट आठवतो. अशा पंधरावीस वस्तूंचे माग मागे नेले की तीच दोन-चार नावे पुन्हापुन्हा येऊ लागतात, आणि मग त्या वखारींत आणि त्या गावांत मुक्काम करावा.

वेळापत्रकही त्याप्रमाणे आखावे लागेल. तोडणी पावसाळा संपल्यावर सुरू होते आणि मे अखेरपर्यंत चालते, टोमॅटोच्या बांबूची खरेदी लागवडीच्या सुमारास होते, मांडवाचा हंगाम श्रावण-भाद्रपदात असतो आणि सुपांचा लग्नसराईत. सहा महिन्यांच्या प्रबंधात हे सारे बसणार नाही, म्हणून दोनच टोके निवडावीत आणि मधल्या काळातल्या व्यवहारांसाठी वखारीच्या वह्यांवर अवलंबून राहावे. वह्या दाखवायला वखारवाला पहिल्या भेटीत तयार होत नाही. त्याच्याकडे काठ्या मोजायला, प्रती लावायला एक दिवस हात लावावा, आणि भावाचा प्रश्न त्या दिवशी विचारू नये.

विद्यार्थिनीने नमुना किती घ्यावा असेही विचारले आहे. कारागिरांची संख्या पन्नासवरून शंभरावर नेण्यापेक्षा दहा कारागिरांकडे प्रत्येकी तीन काठ्या फोडताना मोजाव्यात, ओल्या आणि सुक्या दोन्ही हंगामांत. मार्गदर्शकांना संख्याशास्त्रीय आधार हवा असेल तर एका काठीतून निघणाऱ्या सुपांच्या संख्येतली तफावत त्यांच्यासमोर ठेवावी आणि नमुन्याचा आकार त्या तफावतीवरून ठरवावा.